लहान मुलांस हवामानाची ओळख
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



बालशिक्षणावर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही उदारपणे दिले. मेअखेरच्या भुसावळात, पंख्याखाली बसूनही आपण सारे घाम पुसत असता हवेखेरीज दुसऱ्या कशावर बोलणे मला तरी सुचले नाही.

आरंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, माझी थोरली कन्या पाच वर्षांची असताना, एके सायंकाळी वळवाचा पाऊस आला व विजा कडाडू लागल्या. ती खिडकीशी उभी राहून मोठ्या कुतूहलाने पाहात होती आणि ‘बाबा, हा आवाज कोण करतो?’ असे पुनःपुन्हा विचारीत होती. मी हिशेबाच्या वह्यांत गुंतलो होतो. त्रासून म्हणालो, ‘जी मुले ऐकत नाहीत, त्यांना शोधीत वीज येते.’ प्रश्न तत्काळ थांबले, व मला त्या वेळी त्याचे समाधानच वाटले. पुढे सहा-सात वर्षे आभाळ भरून आले की ती पोर पलंगाखाली जाऊन बसे. शाळेत असली तर तिला ताप भरे. आज ती स्वतः आई आहे आणि मला दोष देत नाही. परंतु माझे ते एक वाक्य मला अजून टोचते.

माझी आजी माझ्याहून शहाणी होती. गडगडाट झाला की ती म्हणे, ‘वर म्हातारी हरभरे भरडते आहे.’ घरात जाते होतेच. त्याची घरघर ऐकलेल्या मुलाला आकाशातील घरघर परकी वाटत नसे. असल्या गोष्टी मुलांना सांगूच नयेत, असे म्हणणारे सुधारक आपल्यात आहेत. त्यांचा हेतु चांगला असला तरी मला ते मत मान्य नाही. गोष्ट अवश्य सांगावी, मात्र तेथे थांबू नये. ‘म्हातारी आता किती लांब आहे ग?’ असे लगेच विचारावे. वीज चमकताच सावकाश अंक मोजू लागावे व आवाज येताच थांबावे. ध्वनीस एक किलोमीटर अंतर तोडावयास सुमारे तीन सेकंद लागतात. अठरा अंक झाले तर म्हातारी सहा किलोमीटरवर, म्हणजे साकेगावच्या अंगाला आहे; नऊ झाले तर ती बरीच जवळ आली. माझी नात हा खेळ घरात बसून खेळते. घरात बसून, असे मी मुद्दाम म्हणतो. गडगडाट ऐकू आला की अंगणातून आत यावयाचे, झाडाखाली उभे राहावयाचे नाही आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर जावयाचे नाही, हा या खेळाचाच नियम आहे. भीति तिलाही आहे, पण ती कशाची व किती, हे तिला ठाऊक आहे.

ही दृष्टि माझी स्वतःची नव्हे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले, व त्यांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी कार्य आरंभिले. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी जे प्रयोग केले, त्यांतून अंगणवाडी हा शब्द आपल्या घरोघरी आला. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे जमेना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली व तिला कुरणशाळा म्हटले. बी, पान, खडा, शिंपला ही त्यांची साधने होती. आज बाजारात रंगीत पुठ्ठ्यांचे महागडे ऋतुतक्ते मिळतात व त्यांवर बर्फाचा माणूसही काढलेला असतो! तापीकाठच्या मुलाला त्याचा काय उपयोग, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

आपल्या घरात याहून उत्तम साधन आहे, ते म्हणजे पापड. होळीपासून आखाजीपर्यंत आपल्या गच्च्यांवर पापड, कुरड्या व ज्वारीचे बिबडे वाळत असतात, आणि कावळे हाकण्याचे काम मुलांकडे असते. त्याच वेळी त्यांना विचारावे, ‘सकाळी घातलेला बिबडा किती वाजता खडखडीत झाला?’ दुसऱ्या दिवशी आभाळ असले तर पुन्हा विचारावे. मग एक पापड डब्यात न ठेवता उघड्या ताटलीत आषाढापर्यंत राहू द्यावा. मे महिन्यात कडकन् मोडणारा तोच पापड जुलैत सादळून वाकतो. पाण्याचा थेंबही पडलेला नसता तो मऊ का झाला? हवेत पाणी असते, डोळ्यांस दिसत नसले तरी असते, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलास समजावण्यास मला याहून सोपा मार्ग आढळलेला नाही. मीठही तेच सांगते, पण मिठाला मुले इतके मन लावून पाहात नाहीत.

यातूनच घरच्या कूलरचे कोडे उलगडते. मे महिन्यात जो कूलर खोली गारेगार करतो, तोच जुलैत अंग चिकट करतो. ओल्या ताट्यांमधून पाणी उडून जाताना हवेतील उष्णता घेऊन जाते. परंतु हवेत आधीच भरपूर पाणी असेल तर ते उडणार किती? मुलाचा एक हात ओला व एक कोरडा ठेवून पंख्यासमोर धरावयास सांगावे. माठाचे पाणी गार का होते, हेही त्याला आपोआप उमजेल. घामाचे कामही असेच चालते. म्हणून भर दुपारी खेळून आलेल्या मुलाचे अंग तापलेले असेल, ते गळून गेले असेल वा असंबद्ध बोलत असेल, तर तेथे खेळ संपला. त्यास सावलीत घेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व विनाविलंब दवाखान्यात न्यावे. खिशातील कांद्यावर विसंबून बसू नये. ज्या गावी पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही, तेथे हे मुलांनाही ठाऊक असले पाहिजे, कारण पडलेल्या सवंगड्याजवळ पुष्कळदा दुसरे मूलच असते.

उष्णमान मोजण्याची गंमत अशी की, एक तापमापक उन्हात व एक सावलीत ठेवला तर आकडे निराळे येतात, आणि मुले ‘खरा कोणता?’ म्हणून भांडतात. भांडू द्यावे. हवेचे तापमान घ्यावयाचे तर उपकरणावर ऊन पडता कामा नये, म्हणून वेधशाळेत ते पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवीत आले आहेत. ही पेटी योजणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंते होते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा स्टीव्हन्सन तो त्यांचाच मुलगा. शिवाय याच दिवसांत, २५-२६ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या थोडे आधी भुसावळात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ती कोठे गेली, हे मुलांनाच शोधू द्यावे.

आता पावसाकडे वळू. सरळ उभ्या भिंतींची, सपाट बुडाची काचेची बरणी उघड्यावर ठेवावी आणि रोज सकाळी साडेआठ वाजता साचलेले पाणी पट्टीने मोजून ओतून द्यावे. भारतीय हवामान खातेही, जे १८७५ साली स्थापन झाले, चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजते. मुलास ही समानता फार आवडते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा मिलिमीटर पडला तर वीस चौरस मीटरच्या आपल्या पत्र्यावर दोनशे लिटर पडले. हे एकदा कळले की पन्हाळीखाली पिंप ठेवण्याचा हट्ट मूलच धरते.

यापुढील खेळाविषयी मात्र वडीलधाऱ्यांची क्षमा मागून बोलतो. रोज रात्री मुलाने वाटीत चिंचोका टाकावयाचा: पाऊस येणार असे वाटले तर काळी बाजू वर, नाही तर घासलेली पांढरी. दुसऱ्या दिवशी काय घडले ते वहीत लिहावयाचे. आजोबांनीही टाकावा. पंचांगात मृग, आर्द्रा या नक्षत्रांची बेडूक, म्हैस, उंदीर, मोर अशी वाहने दिलेली असतात. त्यांचाही एक चिंचोका असावा. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्यतृतीयेस घटमांडणी होते, मातीची चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने मानून दुसऱ्या पहाटे भाकीत सांगतात. तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. हवामान खात्याचा अंदाजही त्यातच. कोणाची थट्टा करू नये, कोणास सवलतही देऊ नये. दिवाळीला वही उघडावी. मागील वर्षी आमच्या घरी आजोबा, म्हणजे मी, शेवटच्या क्रमांकावर आलो, व नातीने ते शेजाऱ्यांस सांगितले.

यात पूर्वजांच्या ज्ञानाचा अवमान आहे, असे मला वाटत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, तरी माती, वारा व पीक यांचे त्यांचे निरीक्षण किती बारीक होते, हे आपण जाणतो. पाहणे हाच तर आपला वारसा आहे.

आणि ही केवळ करमणूक नव्हे. रावेर, यावल भागांत आपल्यापैकी अनेकांच्या केळीच्या बागा आहेत. हिवाळ्यातील थंडी, उन्हाळ्यातील झळा आणि मृगापूर्वीचे वादळ यांनी बाग कशी जाते, ते मी सांगावयास नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमानाच्या धोक्याची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. तो आकडा कोठे, कसा घेतला जातो, हे विचारणारे आपल्या पंक्तीत किती निघतील? आज बरणीतील पाणी मोजणारे मूल उद्या तो प्रश्न विचारील.

मृगास आता दोनच आठवडे उरले आहेत. सभागृहाच्या दाराशी मी दोन बरण्या ठेवल्या आहेत. एक सरळ भिंतींची व एक तोंडाशी निमुळती. पाऊस मोजण्यास कोणती चालेल व दुसरी का चालणार नाही, ते बालमित्रांनी जाताना मला सांगावे. मोठ्यांनी त्यांस उत्तर सुचवू नये, एवढी विनंती.