अंगणातलं वाळवण आणि सोसायटीचा फलक

हप्ता, व्याज, कर्ज हे आपण दर बैठकीत बोलतोच. आज जरा अंगणाबद्दल बोलू.

आपल्या विट्यातही आता ओळीनं बंगल्यांच्या सोसायट्या झाल्यात. तिथं राहणाऱ्या आमच्या गटातल्या एका ताईंनी चैत्रात दारात कुरडया घातल्या. गटाची ऑर्डर होती. दोन दिवसांत फलकावर सूचना लागली : घरापुढं वाळवण घालू नये, पत्र्याचा आडोसा काढावा, नाहीतर दंड. शहराच्या स्वच्छतेचं नाव पुढं केलं होतं. 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत विट्याचा देशात पहिला नंबर आला, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण धुतलेल्या लुगड्यावरची कुरडई म्हणजे कचरा नव्हे!

आम्ही चौघी गेलो. भांडायला नाही, नियम वाचायला. पहिलाच प्रश्न आला, "तुमच्यात सभासद कोण?" शेअर सर्टिफिकेटवर एकट्या मामंजींचं नाव. शेवटी त्यांना पारावरून बोलावून आणलं, तेव्हा कपाट उघडलं.

सोसायटी चालते ती उपविधींवर, म्हणजे निबंधकांकडं नोंदवलेल्या नियमांवर. 1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला ते फुकट बघता येतात. ते बदलायचे तर सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि नोंदणी होईपर्यंत बदल लागू होत नाही. समितीनं खडूनं लिहिलं म्हणून तो उपविधी होत नाही.

पानं उलटली. वाळवणाचा शब्दही नव्हता. आडोशाचं मात्र त्यांचं बरोबर होतं. परवानगीशिवाय बांधकामात भर घालायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. शेजारणीच्या खिडकीचा उजेडही त्यानं अडत होता. ताईंनी पत्रा काढला. वाळवणाची सूचना समितीनं पुसली.

राहिलं ते नावाचं. सर्टिफिकेटवर दुसरं नाव सुनेचं असतं, तर मामंजी सभेला नसताना तिला मत देता आलं असतं. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ताईंनी अर्ज लिहून ठेवलाय. मामंजींची सही तेवढी बाकी आहे. ते म्हणतात, "बघू." ताई रोज सकाळच्या चहाबरोबर अर्ज पुढं ठेवतात.