डॉक्टरांना डाळ शिकवायची आहे

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी आहारतज्ज्ञ आहे. गेली काही वर्षं मी डॉक्टरांच्या छोट्या गटांना आहार शिकवते, त्यातही वनस्पतीआधारित आहार. हा विषय तुमच्यासमोर आणायला कारण आहे. तुमच्यापैकी काही जण एमबीबीएस, बीयूएमएस, नर्सिंग करत आहेत. आणि बाकीच्यांच्या घरात शुगरची किंवा बीपीची गोळी घेणारं कुणीतरी असेलच. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

डॉक्टरांना आहार का शिकवावा लागतो? कारण कॉलेजात तो फारसा शिकवला जात नाही. अमेरिकेत १९८५ साली तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं होतं, की वैद्यकीय शिक्षणात आहारासाठी किमान २५ तास द्या. २०१० साली तिथल्या १०५ कॉलेजांची पाहणी छापून आली. फक्त २८ कॉलेजांनी तेवढे तास दिले होते. २०१९ साली वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. डॉक्टरला औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये पाठ असतो, पण एका वाटी शिजलेल्या डाळीत प्रथिनं किती, हे विचारलं की तो शेजारच्याकडे बघतो.

मग पेशंटला काय ऐकायला मिळतं? "चाचा, मटण बंद करा. तेलकट बंद करा." झालं, पुढचा पेशंट. आज आपल्या देशात कुणी काय खातं यावरून भाडेकरूला घर नाकारलं जातं, रस्त्यावर माणसाला मारलं जातं. अशा वातावरणात चाचांना हे वाक्य सल्ला म्हणून ऐकू येत नाही, टोमणा म्हणून ऐकू येतं. डॉक्टरच्या मनात तसं काही नसेलही. पण चाचा पुढच्या वेळी जात नाहीत, गोळीही सुटते आणि नुकसान चाचांचंच होतं.

म्हणून डॉक्टरांना मी पहिली गोष्ट सांगते: शाकाहार आणि वनस्पतीआधारित आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडापाव शाकाहारी आहे. फरसाण आणि मैद्याची खारीही शाकाहारी आहे. वनस्पतीआधारित म्हणजे ताटाचा मोठा भाग डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खं धान्य आणि शेंगदाणे-तिळाचा. त्यात मांसाचा लहान तुकडा असला तरी चालतो. उलट निव्वळ शाकाहारात बी-१२ ची कमतरता मोठी आहे. पुण्यातल्या पुरुषांवरचा एक अभ्यास २००६ साली आला. त्यात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं आणि शाकाहारींमध्ये धोका कितीतरी जास्त होता. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी बी-१२ उतरतं. त्यामुळे मांस कमी करायला सांगणाऱ्या डॉक्टरने बी-१२ ची तपासणीही सांगितली पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार धान्यातून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत असावी. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के आहे. डाळी, मांस, मासे मिळून १४ टक्के हवी, ती आहे ६ ते ९ टक्के. म्हणजे बहुतेक घरांत खरा प्रश्न भाताच्या डोंगराचा आणि पातळ डाळीचा आहे. त्यातून मटण बंद केलं आणि जागी काहीच आलं नाही, तर चाचा आणखी दोन रोट्या खाणार. शुगर वाढणार.

गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात आधीपासून बंदी होती. २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. ज्या घरांना तेच स्वस्त मांस परवडत होतं, त्यांच्या ताटातून ते गेलं. त्या घरातल्या बाईला "मांस कमी करा" सांगण्याआधी डॉक्टरने विचारावं, की त्याच्या जागी आता काय शिजतं? कोरड्या मसूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. पण माणूस कोरडी डाळ खात नाही. ३० ग्रॅम डाळीची घट्ट वाटी म्हणजे साधारण ७ ग्रॅम. म्हणून डाळ घट्ट हवी, दोन्ही वेळा हवी आणि भाकरी किंवा भाताबरोबर हवी, कारण डाळीत जे कमी ते धान्यात असतं. वर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला की कमी.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात भावी डॉक्टरांना चक्क स्वयंपाक शिकवतात. आपण एवढं तरी करू शकतो, की डॉक्टरला पेशंटच्या चुलीवरचे शब्द माहीत असावेत. मुसलमान म्हणजे बिर्याणी, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. आपला दालचा दुधी आणि चणाडाळीचा असतो. मोहरमच्या खिचड्यात गहू आणि अनेक डाळी असतात. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची खट्टी भाजी आहे. इफ्तारला उकडलेले चणे असतात. "दालच्यात मटण निम्मं करा, दुधी-डाळ दुप्पट करा" हे घरात पाळलं जातं, कारण पदार्थ आपलाच राहतो.

रमजानचंही तसंच. "रोजे ठेवू नका" एवढंच सांगितलं तर पेशंट लपवून ठेवतो. मधुमेह आणि रमजानसाठीच्या आंतरराष्ट्रीय सूचना २०१६ पासून आहेत, २०२१ मध्ये त्या सुधारल्या. सहा ते आठ आठवडे आधी तपासणी, धोक्याची वर्गवारी, गोळ्यांच्या वेळा, सगळं त्यात आहे. ज्याला धोका जास्त, त्याला रोजा नको हेही त्यात स्पष्ट आहे. किडनीच्या रुग्णाला डाळी-भाज्या मोजूनच द्याव्या लागतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू नये. आहार शिकवणं म्हणजे कुणाला काय देऊ नये, हेही शिकवणं.

युनानी शिकणाऱ्यांनो, इलाज बिल-गिज़ा, म्हणजे अन्नाने उपचार, ही तुमच्या शास्त्राची एक शाखाच आहे. परीक्षेपुरती ठेवू नका. वस्तीतला पहिला डॉक्टर अनेकदा तुम्हीच असता.

आणि जे डॉक्टर होणार नाहीत, त्यांनी एवढं करा. अम्मी-अब्बूंबरोबर दवाखान्यात जाल, तेव्हा आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांनी काय खाल्लं, ते वाटीच्या मापाने कागदावर लिहून न्या. महिन्याला तेल किती लागतं आणि घरात माणसं किती, तेही लिहा. डॉक्टर म्हणाले "हे बंद करा", तर अदबीने विचारा, "डॉक्टरसाहेब, मग त्याच्या जागी काय?" हा प्रश्न दिवसात दहा पेशंटनी विचारला, तर उत्तर शोधण्यासाठी डॉक्टर स्वतःहून पुस्तक उघडतील.