क्रोधाची खतावणी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)

 

मी तत्त्वज्ञ नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापड मोजलेला व्यापारी आहे. म्हणून हिशेबाच्याच भाषेत बोलतो.

आपल्या शास्त्रकारांनी क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय सांगून प्रत्येकाच्या तीव्रतेचे चार प्रकार केले. अनंतानुबंधी क्रोध म्हणजे दगडाची भेग. ती जन्मभर बुजत नाही. अप्रत्याख्यानी क्रोध ही सुकलेल्या जमिनीची भेग. पुढच्या पावसाळ्यात भरून येते. प्रत्याख्यानी ही वाळूतील रेघ, मुदत चार महिने. संज्वलन ही पाण्यावरची रेघ, मुदत पंधरवडा. आता पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक प्रतिक्रमण आठवा. संवत्सरी ही अखेरची मुदत होय. ती टळली, की राग दगडात उतरू लागतो.

माझी ती मुदत अकरा वेळा टळली. वडिलांच्या पश्चात पेढीच्या वाटण्या झाल्या, रस्त्याकडील गाळा धाकट्या भावाकडे गेला आणि आमचे बोलणे थांबले. दर संवत्सरीला मी गावोगावी क्षमापनेची पत्रे धाडीत असे. समोरच्या घरी मात्र नाही.

पुढे मुलीच्या आग्रहावरून अल्बर्ट एलिस यांच्याविषयी वाचले. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना दुःख देत नाही, तिच्याविषयीची आपली धारणा देते, हा तिचा गाभा. गुलामगिरीतून मुक्त झालेला प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे हे ऋण एलिस यांनी मान्य केले होते. ‘असे झाले तर बरे’ ही इच्छा. ‘असे झालेच पाहिजे’ हा हट्ट. ‘भावाने माझ्या मनासारखेच वागले पाहिजे’ यातील एका ‘च’ने माझी अकरा वर्षे खाल्ली.

मी मनातील खतावणी उघडली. भावाच्या खात्यात नावेची बाजू भरलेली आणि जमेची कोरी! वडिलांच्या आजारपणात रात्री जागला तो तोच. ती नोंद मी केलीच नव्हती.

त्या संवत्सरीला मी त्याचा उंबरा ओलांडला. त्याने पाण्याचा पेला पुढे केला व इतकेच म्हणाला, “दादा, आई असताना आला असतास, तर तिने पाहिले असते.” मला उत्तर सुचले नाही. ती तूट कोणत्याही वहीत भरून निघत नाही.

एलिस यांचे उद्दिष्ट मनःस्वास्थ्य, आपले कर्मनिर्जरा. वाटा निराळ्या, परंतु पहिले पाऊल एकच : दुसऱ्याच्या आधी स्वतःच्या मनाची तपासणी. दुकानाचा गल्ला आपण रोज रात्री मोजतो. मनाचा हिशेब वर्षभर तुंबवू नये. आज या सभागृहात कोणाची अशी एखादी वही उघडी असेल, तर त्याने घरातील वडीलधारे हयात असतानाच ती मिटवावी, एवढीच विनंती.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!