चावी फिरवली, पुढं काय?

आज गाडीविषयी बोलणार आहे. गाडी म्हटलं की आपण म्हणतो, ते पुरुषांचं काम. मीही तसंच म्हणत होते.

आमच्या गटानं कर्ज काढून जुनी डिझेलची पिकअप घेतली. बाजाराला भाजी न्यायची, गावात कुणाला अडचण आली तर उपयोगी पडायची. मी लायसन काढलं, चालवायला शिकले. मागच्या थंडीत रात्री तीनच्या सुमाराला शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावला, पण रुग्णवाहिका लांबून यायची होती. म्हटलं, आपली गाडी दारात आहे, अर्ध्या वाटेवर गाठू. चावी फिरवली तर नुसती कट-कट-कट. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सासूबाई कंदिलासारखा मोबाइल धरून उभ्या, पोरगी ओट्यावर विव्हळतेय, आणि मी चावीच फिरवत बसलेली. शेवटी रुग्णवाहिका आली, तिच्यातच बाळ झालं. दोघं सुखरूप आहेत. पण ती वीस मिनिटं मला अजून आठवतात.

सकाळी गॅरेजवाला आला. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीवर पांढरा-हिरवा भुगा साठला होता तो पुसला, एक नट आवळला आणि म्हणाला, मारा सेल्फ. गाडी लगेच चालू! मग मी त्याला सोडलंच नाही. चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं.

तो म्हणाला, ताई, आधी कान द्या. चावी फिरवल्यावर काय आवाज येतो, त्यावर निम्मं काम होतं.

कट-कट वाजलं किंवा काहीच वाजलं नाही, तर गाडीचे पुढचे दिवे लावा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलीय, नाहीतर तिची टोकं सैल आहेत किंवा त्यांना भुगा धरलाय. दिवे तसेच लख्ख राहिले आणि गाडी गप्प, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये असू शकतो. तिथं आपण हात घालायचा नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

टोकं साफ करायची तर गाडी बंद करून चावी काढून घ्या. वजा खुणेची, म्हणजे काळी वायर आधी सोडवा, अधिक खुणेची मागाहून. बसवताना उलटं: आधी अधिक, मग वजा. पाना एकाच वेळी अधिकच्या टोकाला आणि गाडीच्या लोखंडाला लागला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, हातात मोजे घाला. तो भुगा आम्लाचा असतो, डोळ्याला लावू नका. पुसून कोरडं करा, घट्ट आवळा. बॅटरीतून जळणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी, काडी, चिमणी काही नको. हे घरच्या कारभाऱ्यांनाही सांगा, कारण बिडी ओढत वाकून बघायला तेच येतात.

बॅटरी उतरली असेल तर धक्का मारून गाडी चालू होते, पण गिअर हातानं टाकायची गाडी असेल तरच. चावी चालू, क्लच दाबून दुसरा गिअर, गाडीनं वेग धरला की क्लच झटकन सोडायचा. मात्र एक लक्षात ठेवा: इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. उतारावर पुढं विहीर किंवा वस्ती असेल तर हा प्रयोग नको. आणि चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

आता दुसरा आवाज. सेल्फ जोरात फिरतोय, घर्र-घर्र होतंय, पण गाडी धरत नाही. इथं बॅटरीचा दोष बहुधा नसतो. आधी डिझेल आहे का बघा, काट्यावर विसंबू नका. हसू नका, आमच्या गटात दोनदा झालंय. डिझेल पूर्ण संपलं की पाइपात हवा धरते, मग नुसतं भरून चालत नाही, हवा काढावी लागते. आमच्या गाडीत फिल्टरजवळ हातानं दाबायचा पंप आहे. तो घट्ट लागेपर्यंत दाबला की काम होतं. थंडीत डिझेल गाडीला चावी अर्धी फिरवून स्प्रिंगसारखी खूण असलेला दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. आणि सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. त्या रात्री मी मारत राहिले आणि उरलीसुरली बॅटरीही घालवली.

गटाच्या पिकअपमध्ये आता १० नंबरचा पाना सुतळीनं बांधून ठेवलाय, सोबत खायच्या सोड्याची पुडी. गॅरेजवाल्याला फोन केला तर तोच आता आधी विचारतो, ताई, आवाज कसला येतोय?