जीवाश्मांचे दुकान : माल कोणता घ्यावा?

दुकान म्हटले की आपल्याला किराणा, कापड, भांडी आठवतात. पण काही दुकानदारांचा माल कोट्यवधी वर्षांचा जुना असतो! दगड झालेले प्राणी आणि झाडे, म्हणजेच जीवाश्म, ते विकतात. हा माल कसा निवडावा, ते आज पाहू. शाळेच्या कपाटासाठी एखादा नमुना घेणाऱ्या गुरुजींनाही ते उपयोगी पडेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस हे गाव आहे. तेथे मेरी ॲनिंग या सुताराच्या मुलीने १८२६ साली काचेच्या खिडकीचे दुकान थाटले. तिने शोधलेले मोठमोठे सागरी सांगाडे विद्वानांकडे जात. हवापालट करायला आलेले लोक मात्र लहानसहान नमुनेच नेत. आजही नव्या दुकानदाराने याच वाटेने जावे. मादागास्करचे कापून घासलेले अमोनाइट, मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतले शार्कचे दात, अमेरिकेतील वायोमिंगचे छोटे मासे, हा माल भरपूर मिळतो आणि शाळकरी मुलाच्याही खिशाला परवडतो. अमोनाइट आपल्याला परका नाही बरं का! नेपाळातल्या काळी गंडकीच्या शाळिग्रामांत दिसणारे चक्र अमोनाइटचेच असते.

आता पारख. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. इंग्लंडमधल्याच व्हिटबी गावी अमोनाइटला सापाचे डोके कोरून ‘दगड झालेला साप’ म्हणून विकत. आज मोरोक्कोच्या ट्रायलोबाइटांत कृत्रिम राळेचे ओतीव नमुने मिसळलेले सापडतात. भिंग घेऊन पाहा. बुडबुड्यांची बारीक छिद्रे दिसली, किंवा दहा नमुने अगदी एकाच साच्यातले वाटले, तर हात आवरा. डागडुजी मात्र वाईट नव्हे. दगडातून काढताना नमुना तुटतो, तो जोडावाच लागतो. जोडले ते लपवणे, हे वाईट.

तिसरी गोष्ट, माल कोणाचा? २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एका डायनोसॉरच्या सांगाड्याचा दहा लाख डॉलरांवर लिलाव झाला. तो मंगोलियातून चोरट्या मार्गाने आल्याचे निघाले आणि २०१३ साली तो त्या देशाला परत करावा लागला. ब्राझीलमध्ये तर १९४२ च्या कायद्याने जीवाश्म सरकारच्याच मालकीचे आहेत. तेव्हा कागदपत्र नसलेला माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

आणि शेवटची, पण सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. नमुना कोणत्या गावी, कोणत्या थरात सापडला, त्यात काय जोडले आहे, हे त्या चिठ्ठीवर हवे. गाव हरवले की जीवाश्माची साक्ष संपली. मग उरतो तो नुसता शोभेचा दगड. हरवलेले हे गाव पुन्हा विकत मिळत नाही.

म्हणून गुरुजी, नमुना घेताना भाव मागाहून विचारा. आधी विचारा, “हा कुठला?” ज्याला याचे उत्तर देता येते, त्याच्याकडूनच घ्या. उद्या वर्गातली मुले तोच प्रश्न तुम्हांला विचारणार आहेत.