मित्रकोळी, शत्रुकोळी आणि विषाणूंची नवी वर्गवारी
(स्वागताध्यक्षीय भाषण)

आदरणीय अध्यक्षमहोदय, कोळी आणि विषाणू यांचे अभ्यासक, आणि माझ्या संत्रा बागायतदार बंधूभगिनींनो,

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या बागायतदारांच्या वतीने मी नागपुरात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

कोळ्यांमुळे संत्र्याच्या सालीवर लाल्या आला की व्यापारी भाव पाडतो. फोडी गोड असल्या तरी बोली सालीवरच लागते. मग आम्ही घाईघाईने पंप पाठीला लावतो आणि सरसकट मारणारे औषध फवारतो. त्यात पानामागचा फायटोसीड कुळातला शिकारी कोळीही मरतो. हा चकचकीत, चपळ, बिनडोळ्यांचा जीव शत्रुकोळ्यांची अंडी-पिल्ले फस्त करतो. स्टेथोरस हा चिमुकला काळा ढालकिडाही तेच काम करतो. शिकार नसेल तेव्हा युसियससारखे मित्रकोळी परागकणांवर तग धरतात. म्हणून क्वीन्सलँडच्या बागांत ओळींमधले ऱ्होड्स गवत मुद्दाम फुलू दिले गेले. आम्ही मात्र गवताची काडी दिसली की तणनाशक मारतो.

आता कोळीवाले आणि विषाणूवाले एका मांडवात का? ब्राझीलमधला संत्र्याचा विषाणूजन्य रोग लेप्रोसिस पाहा. तो ब्रेव्हिपाल्पस कोळी पसरवतो. विषाणू झाडभर फिरत नाही. कोळी टोचतो तिथेच डाग पडतो. त्यामुळे कोळी आवरला की रोग आवरतो. मात्र सारखेच डाग पाडणारे हे विषाणू दोन वेगळ्या कुळांतले निघाले: काही किटाव्हिरिडी, काही रॅब्डोव्हिरिडी. एकाची जनुकीय चाचणी दुसऱ्याला पकडत नाही. आपल्याकडचा विषाणूजन्य रोग ट्रिस्टेझा माव्यातून आणि कलमाच्या रोगट डोळ्यातून पसरतो. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीने द्विनाम पद्धत स्वीकारल्यानंतर त्याच्या विषाणूची प्रजाती 'क्लोस्टेरोव्हायरस ट्रिस्टेझी' अशी नोंदली जाते. नावे लक्षात ठेवणे तुमचे काम. पण तपासणीच्या याद्या जुन्या राहिल्या, तर रोगट कलम निरोगी म्हणून आमच्या बागेत येते, आणि त्याची किंमत झाड फळावर आल्यावर कळते.

म्हणून यजमानाच्या हक्काने दोन मागण्या करतो. कोणते औषध मित्रकोळ्याला मारते, याचा मराठी तक्ता प्रत्येक कृषी केंद्रात लागावा. आणि वर्गवारी बदलली की रोपवाटिकांच्या चाचण्याही तपासून घ्याव्यात.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.