चहा घ्यावा कसा, घ्यावा केव्हा
(मंद्रूप येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज आपण चहाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, चहाविषयी काय बोलायचं? तो तर रोजचाच. दारात पाहुणा आला, टाका चहा. डोकं दुखलं, टाका चहा. सौदा जमला तरी चहा, मोडला तरी चहा. आपलं मंद्रूप सोलापूर-विजापूर रस्त्यावरचं गाव. एस. टी. तून उतरलेला माणूस आधी चहाची टपरी शोधतो. भीमा ओलांडली की बोली कानडी होते. पण तिकडचा माणूसही चहाला चहाच म्हणतो.

रोजच्या वस्तूकडे आपलं लक्ष नसतं. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही वर्गात एक काम दिलं. आठ दिवस, जेवढे कप चहा घ्याल तेवढ्या रेघा वहीत ओढा. सोबत वेळही लिहा. एक आजी म्हणाल्या, "मी काय बाई, दोनच कप घेते." आठ दिवसांनी वही उघडली. रोजच्या रेघा निघाल्या सहा! सगळा वर्ग हसला. आजीही हसल्या.

पण एका सुनेची वही पाहून आम्ही हसलो नाही. सकाळी उपाशीपोटी चहा. दुपारी भाकरीबरोबर चहा. रात्री कोरड्यास उरलं नाही, तर भाकरी चहात बुडवून. तिला पाचवा महिना होता. अंगात रक्त कमी म्हणून दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. आम्ही विचारलं, "गोळी घेतेस ना, बाई?" ती म्हणाली, "घेते की. चहासंगं गिळते. पाण्यानं मळमळतं."

तिची चूक नव्हती. कोणी तिला सांगितलंच नव्हतं. ते आज सांगायचं आहे.

चहा आपल्या घरात आला कसा, हे आधी थोडक्यात ऐका. आपल्या आजोबा-पणजोबांच्या न्याहारीला चहा नव्हता. आसामात इंग्रजांनी मळे लावले. 1839 साली तिकडचा चहा लंडनच्या बाजारात विकला गेला. म्हणजे पिकवायचा इथं आणि प्यायचा साहेबानं. पुढे मळेवाल्यांना वाटलं, इथल्या माणसालाही सवय लागली तर खप वाढेल. 1903 साली चहावर एक पट्टी बसली. त्या पैशातून चहाचा प्रचार झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, कारखाने यांत चहाची दुकाने निघाली. अशी सवय लागत गेली.

आणि आपल्या महाराष्ट्रात याच चहावरून केवढा गोंधळ झाला! 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मोठी मंडळी व्याख्यानाला गेली होती. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पाद्र्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. पुढे त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आली. झालं! धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. बहिष्कार आला, प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघाल्या. एका कपासाठी एवढं रामायण!

आज ते ऐकून हसू येतं. पण हसण्याआधी आपण आपल्या गावाकडे पाहावं. चहाच्या दुकानात काही माणसांचा कप वेगळा ठेवायचा, त्यांनीच तो विसळून ठेवायचा, ही रीत गावोगाव होती. राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली. 1955 साली त्यासाठी कायदाही झाला. वेगळा कप ठेवणं हा गुन्हा आहे. कुठे असा कप दिसला, तर मान खाली घालू नका. आता तुम्हाला वाचता येतं. अर्जही लिहिता येतो.

आता चुलीकडे वळू.

आपण पाणी, साखर, पूड, दूध सगळं एकदम टाकतो आणि लालभडक होईस्तोवर उकळत ठेवतो. आपली पूड दाणेदार असते. ती करताना यंत्रात पान चिरडतात, फाडतात आणि वळतात. म्हणून दाणा रंग झटकन सोडतो. त्याला फार उकळायला नको. फार उकळला की चहा तुरट होतो. तुरट झाला की आपण साखर वाढवतो. पूडही गेली, साखरही गेली, सरपणही गेलं.

त्यापेक्षा असं करा. पाण्याला आधण येऊ द्या. आलं घालायचं तर तेव्हाच ठेचून घाला. मग पूड टाका. दोन-तीन मिनिटं उकळा. दूध घाला, एक उकळी आली की उतरवा. थोडा वेळ झाकून ठेवा आणि गाळा. गुळाचा चहा करणार असाल, तर दूध वेगळं तापवा. चहा खाली उतरवून मग दूध घाला. गूळ आणि दूध चुलीवर एकत्र उकळलं, तर दूध फाटतं.

पूड सुटी घेता? मग पारखून घ्या. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड पसरा. वर थंड पाणी शिंपडा. कागदावर लगेच रंग उतरला, तर पुडीत रंगाची भेसळ आहे, असं समजा. लोहचुंबकही फिरवून बघा. लोखंडाचा कीस असेल, तर चिकटतो.

आता साखरेचा हिशोब. पाटी घ्या. एका कपाला दोन लहान चमचे. एक चमचा सुमारे 5 ग्रॅम. म्हणजे कपाला 10 ग्रॅम. दिवसाला सहा कप, म्हणजे 60 ग्रॅम. महिन्याला 1,800 ग्रॅम. जवळजवळ दोन किलो! हे एकट्या माणसाचं. जगाची आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने सगळी मिळून दिवसाला 50 ग्रॅमच्या आत साखर खावी. इथं चहातच हद्द ओलांडली. साखर एकदम तोडू नका. चिमटीचिमटीने कमी करा. जिभेला कळणारही नाही.

आता मुख्य गोष्ट. नीट ऐका.

ज्वारीत लोह असतं. मेथीत, हरभऱ्यात, डाळीत असतं. लोहावाचून रक्त भरत नाही. पण चहातला जो तुरटपणा आहे, तो पोटात या लोहाला धरून ठेवतो. मग ते अंगी लागत नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणजे भाकरी आपण खाल्ली खरी, पण तिच्यातलं बरंचसं लोह वाया घालवलं. गोळीचंही तेच. चहासंगं गिळलेली गोळी अर्धीमुर्धीच कामी येते.

ही बारीक गोष्ट नाही. 2019 ते 2021 या काळात सरकारने घरोघरी पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 100 बायकांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलेल्या बाईला दम लागतो, काम उरकत नाही. बाळंतपणात रक्त गेलं, तर जिवावर बेततं.

मग काय करायचं? चहा सोडा, असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही पितो. फक्त वेळ बदला. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. आहारशास्त्राच्या आपल्या सरकारी संस्थेनेही 2024 साली हेच सांगितलं आहे. जेवताना लिंबू पिळा, नाहीतर आवळा, पेरू खा. आंबटाने लोह अंगी लागतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळ झाली, तर गोळी सोडू नका. दवाखान्यात ताईंना विचारा. आणि लहान मुलांना चहा देऊ नका. चहाने भूक मरते. त्यांना आंबील द्या, दूध द्या.

कोणी म्हणेल, गरम काही घ्यायची सवय आहे, त्याचं काय? त्यालाही उपाय आहे. गवती चहा लावा. नावात चहा आहे, पण ते गवत आहे. न्हाणीच्या पाण्यावरही बेट धरतं. दोन पाती कापून पाण्यात उकळा, चवीला जरासा गूळ घाला. झोप उडवणारं त्यात काही नसतं, म्हणून रात्रीही चालतं. धने-जिरे भाजून, कुटून त्यांचा काढा करा. कानडी मुलखात त्याला कषाय म्हणतात. सर्दीला सुंठ, तुळस बरी. उन्हाळ्यात मात्र ताक आणि लिंबू-मिठाचं पाणी, यांची सर कशालाच नाही.

पण काढा म्हणजे डॉक्टर नव्हे. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर पातेलं बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. गरोदर बाईने अनोळखी मुळ्या-पाल्याचा काढा विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाब असेल, तर ज्येष्ठमध वरचेवर नको.

त्या सुनेचं काय झालं? परवा तिने वही दाखवली. दिवसाला दोनच रेघा. दोन्ही जेवणापासून दूर. शेजारी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "गोळी लिंबू पाण्याबरोबर घेतली." अक्षर वेडंवाकडं होतं, पण पुरतं वाचता येत होतं. रक्त किती वाढलं, ते पुढच्या तपासणीत कळेल. तिच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता घरातली सगळीच रेघा ओढतात."

तुम्हीही आज घरी जाऊन वही काढा. उद्या सकाळी पहिली रेघ ओढा. पण न्याहारी झाल्यावर, तासाभराने.